वाहिन्या वाढल्या, शेवटचे वीस फूट तसेच राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतल्या टीव्हीबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारच्या बातम्या येतात. संच वाटले, ही एक आणि संच धूळ खात पडले, ही दुसरी. या दोन बातम्यांच्या मध्ये नेमके काय बिघडते, ते सहसा छापून येत नाही. आमच्यापैकी काही जण प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला, तर काही शिक्षक-प्रशिक्षणात काम करणारे आहेत. हे पत्र त्या मधल्या भागाबद्दल आहे. ते लांबले आहे, कारण त्यात मोजमापे बरीच आहेत आणि ती गाळली तर नुसत्या तक्रारी उरतील.

कल्पना जुनी आहे. दिल्लीत १९६१ पासून माध्यमिक शाळांना टीव्हीवरून पाठ दिले जात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट पोचले. सकाळची वेळ शाळांसाठी राखलेली होती. त्या वेळी गावात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची डिश उभारावी लागे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपली पाळी इन्सॅट उपग्रहांबरोबर आली आणि पुण्यात १९८४ मध्ये शालेय कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली. २०१७ मध्ये ती बंद झाली. मे २०२० मध्ये ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ या तत्त्वावर बारा वाहिन्या जाहीर झाल्या. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा झाली, तीही राज्यांना आपापल्या भाषेत शिकवता यावे म्हणून. करोनाच्या काळात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी मराठीतून ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली. म्हणजे दाखवायलाच काही नाही, अशी आज स्थिती नाही.

उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे आणि तिथून शाळेच्या छपरापर्यंतचा प्रवास बिनचूक होतो. अडते ते छपरावरच्या डिशपासून शेवटच्या ओळीतल्या मुलाच्या डोळ्या-कानापर्यंतच्या वीस फुटांत.

आधी छपर. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह-सेवेला मासिक भाडे नाही, म्हणून शाळेला ती सोयीची. ती ज्या जीसॅट-१५ उपग्रहावर आहे तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्याला आग्नेयेला आहे. पुण्याहून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजले तर सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. नागपूरहून साधारण १४४ अंशांवर आणि ६० अंश वर. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे दिशा १२८ अंशांच्या आसपास येते. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा बघायला हरकत नाही, पण पत्र्याच्या छपरावर उभे राहून बघू नये. लोखंडाने सुई वीस-वीस अंश फिरते. खाली मैदानात उभे राहून दिशा धरावी, त्या रेषेवरचे एखादे झाड किंवा खांब हेरावा आणि मग वर चढावे.

५९ अंश म्हटल्यावर डिश जवळजवळ आकाशाकडे उताणी करण्याची चूक हमखास होते. या लहान डिशचा एलएनबी, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी पकडणारा डबीसारखा भाग, मध्यभागी नसून खालच्या बाजूला पुढे आलेला असतो. त्यामुळे डिशचे तोंड दिसायला पस्तीस अंशांच्या आसपास तिरपे दिसते तेव्हाच ती खरी ५९ अंशांवर बघत असते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, त्या बघाव्यात. मात्र खांब ओळंब्यात असेल तरच त्या खुणांना अर्थ. गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी खांब तपासायला पाच मिनिटे लागतात, आणि ती वाचवल्यामुळे पुढे अर्धा दिवस जातो.

साठ सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एका अंशाने बदलते. तेवढ्याने चित्र जात नाही, पण पाऊस आला की जाते. म्हणून ‘चित्र आले, आता बोल्ट आवळा’ असे करू नये. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे असतात. स्ट्रेंथ भरलेला आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश भलत्याच उपग्रहाकडे बघते आहे किंवा नुसता गोंगाट पकडते आहे. बघायचा पट्टा क्वालिटीचा. तो सर्वांत जास्त येईपर्यंत डिश आडवी, मग उभी, अगदी थोडी-थोडी हलवावी. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवावा. हे शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मग ‘काही वाहिन्या दिसतात, काही दिसत नाहीत’ अशी तक्रार येते. उपग्रहावरच्या अर्ध्या वाहिन्या एका ध्रुवणात, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या एका दिशेत, आणि अर्ध्या दुसऱ्या ध्रुवणात असतात. एलएनबी चुकीच्या कोनात असला की एक गट गळतो.

वाहिन्या न दिसण्याचे दुसरे कारण बॉक्सच असू शकते. एमपेग ही चित्र दाबून पाठवण्याची पद्धत. जुने एमपेग-२ बॉक्स एमपेग-४ या नव्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या उघडतच नाहीत. तिथे डिश कितीही हलवली तरी उपयोग नाही. बॉक्सच्या खोक्यावर ‘एमपेग-४’ लिहिले आहे ना, हे खरेदीच्या वेळीच बघावे. बॉक्स नवा असूनही वाहिनी नसेल तर शोध पुन्हा चालवावा. वाहिन्यांची जागा अधूनमधून बदलते, आणि दोन वर्षांपूर्वी केलेला शोध दोन वर्षांपूर्वीचीच यादी दाखवतो.

झाडाचे गणित सोपे आहे. डिशपेक्षा दहा मीटर उंच झाड आग्नेयेला सहा मीटरच्या आत असेल तर ते आड येते. उन्हाळ्यात बसवलेली डिश जुलैत बंद पडते त्याचे कारण पुष्कळदा पाऊस नसून पालवी असते. केबल आरजी-६ घ्यावी, पंचवीस-तीस मीटरच्या आत ठेवावी आणि मध्ये जोड देऊ नये. एलएनबीच्या तोंडाशी केबलला खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाते, कनेक्टरमध्ये शिरत नाही. नुसते पिळून बसवायचे एफ-कनेक्टर स्वस्त असतात, पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले तांबे हिरवे पडते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की बॉक्समधून केबल सोडून ठेवावी. ज्या गावांत माकडे आहेत तिथे डिश गच्चीच्या कठड्याबाहेर भिंतीला लावावी. कठड्यावरची डिश त्यांना बसायला फारच सोयीची पडते.

आता वर्ग. सर्वांत मोठी गफलत इथे आहे, आणि ती संच खरेदी करतानाच होते. पडद्यावरची अक्षरे वाचायची असतील तर शेवटचे मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटींहून लांब नसावे. हा जुना, पडताळून पाहिलेला नियम आहे. ३२ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे अंतर २.४ मीटर. ४३ इंचीची ५३ सेंटिमीटर, अंतर ३.२ मीटर. ५५ इंचीची ६८ सेंटिमीटर, अंतर ४.१ मीटर. मूल फार जवळही नको आणि पडद्याच्या मधल्या रेषेपासून ४५ अंशांपलीकडे कडेलाही नको, कारण तिरपे बघताना अक्षरे दबतात. बसकर पट्टीवर मांडी घालून बसलेल्या मुलाला साधारण साठ बाय पासष्ट सेंटिमीटर जागा धरली तर या पंख्याच्या आकारात ३२ इंची संचापुढे आठ, ४३ इंचीपुढे पंधरा आणि ५५ इंचीपुढे अठ्ठावीस मुले बसतात. पस्तीसच्या पटाला ३२ इंची संच दिला की सत्तावीस मुलांना तो दिला नाही असे समजावे. ती मुले गप्प बसतात, म्हणून शिक्षकांना वाटते की ती बघत आहेत.

अक्षरे नसलेले कार्यक्रम असतील, प्राणी, किल्ले, प्रयोग, तर आठपटींपर्यंत चालते. मग ४३ इंचीपुढे तीस मुले बसू शकतात. म्हणून कार्यक्रम आधी बघून ‘यात वाचायचे आहे की बघायचे आहे’ हे ठरवावे. वाचायचे असेल तर वर्गाचे दोन गट करावेत, किंवा पडद्यावरचे शब्द आधीच फळ्यावर लिहून ठेवावेत. दुसरा उपाय बिनखर्चाचा असूनही फारसा कोणी वापरत नाही.

कार्यक्रम तयार करणाऱ्यांनीही हे गणित पाठ करावे. सहा मीटरवरच्या मुलाला मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांसह देवनागरी नीट दिसायची तर अक्षर तीन-साडेतीन सेंटिमीटर उंच हवे. ४३ इंची पडद्यावर, ओळींमधली जागा धरून, अशा सात-आठ ओळी मावतात. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर आणून त्यावर बोट फिरवणारे पाठ आजही तयार होतात. ते मोबाइलवर जवळ धरून बघायला ठीक, वर्गात निरुपयोगी.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असावी, म्हणजे पुढच्या मुलाचे डोके मागच्याच्या आड येत नाही. संच पाच-दहा अंश पुढे झुकवावा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नये, पडद्यात खिडकीच दिसते. खिडकीच्या शेजारी, तिच्याच भिंतीवर लावला तर उजेड डोळ्यांवर येतो. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत घ्यावी, आणि तीही फळ्याची असेल तर उत्तम, कारण शिक्षकांना पडदा आणि फळा दोन्ही एका हाताच्या अंतरावर लागतात. फळ्याच्या विरुद्ध बाजूला टांगलेला संच पाहायचा तर अख्खा वर्ग उठून वळावा लागतो.

एक बारीकशी गोष्ट, पण गणिताच्या तासाला ती बारीक राहत नाही. जुने कार्यक्रम चारास तीन या प्रमाणातले असतात आणि आजचे पडदे सोळास नऊ. संच आपोआप चित्र ताणून पडदा भरतो. मग वर्तुळ अंडाकृती होते, चौरस आयत होतो आणि ४५ अंशांचा कोन ३७ अंशांचा दिसतो. मुलाने कंपासपेटीतला कोनमापक पडद्याला लावला तर ते बरोबर आणि कार्यक्रम चूक ठरेल. रिमोटवरच्या ‘पिक्चर साइझ’ मध्ये ४:३ निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्याव्यात. दुकानात लावलेला भडक रंगांचा ‘व्हिव्हिड’ मोडही बदलावा. त्यात मातीचे प्रकार सगळे तांबडेच दिसतात.

आवाजाबद्दल फार कमी बोलले जाते. पातळ संचांचे भोंगे मागे किंवा खाली तोंड करून असतात. घरात सोफ्यावर बसून ते चालून जाते. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा असलेल्या वर्गात आवाज घुमतो आणि शब्दांची शेपटे एकमेकांत अडकतात. शिक्षक आवाज वाढवतात, घुमणेही वाढते. उपाय दोन. दहा-दहा वॅटचे दोन साधे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, मुलांच्या कानांच्या उंचीवर, मुलांकडे तोंड करून ठेवावेत. आणि मागच्या भिंतीवर जाड कापड, सतरंजी किंवा गोणपाट लावावे. स्पीकर वायरने जोडावेत. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागून येतो, आणि इंग्रजी किंवा हिंदी उच्चार शिकवताना ओठ बघणे हाच तर निम्मा पाठ असतो. पत्र्यावर धो-धो पाऊस पडत असताना कोणताही स्पीकर उपयोगाचा नाही. त्या दिवशी टीव्ही बंद ठेवणेच बरे.

इतके सगळे नीट झाले तरी मुले शिकतील असे नाही. पडद्यावरचे चित्र फळ्यावरच्या चित्रासारखे थांबत नाही, आले की जाते. पडद्यापुढे वीस मिनिटे सलग बसलेले मूल त्यातले सर्वांत रंगीत दृश्य सांगते, सर्वांत महत्त्वाचे नाही.

चौथीचा परिसर अभ्यास आणि बी रुजण्याचा भाग घेऊ. कार्यक्रमात आठ दिवसांची वाढ अर्ध्या मिनिटात दाखवता येते. हे टीव्हीचेच काम, शिक्षकाला ते जमणार नाही. पण त्याची तयारी पाच-सहा दिवस आधी सुरू व्हायला हवी. प्रत्येक गटाने वालाचे चार-पाच दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत आणि रोज एक दाणा उकलून वहीत त्याचे चित्र काढावे. कार्यक्रमाच्या दिवशी, चाळीस मिनिटांच्या तासातली पहिली सात-आठ मिनिटे टीव्ही बंद. फळ्यावर तीन प्रश्न: आधी मूळ बाहेर येते की कोंब? दाणा उलटा ठेवला तर मूळ कुठे जाईल? दाण्याचे दोन जाड भाग पुढे कुठे जातात? मुलांनी हात वर करून उत्तरे द्यावीत आणि संख्या फळ्यावर मांडावी. ‘कोंब’ म्हणणारे अठरा, ‘मूळ’ म्हणणारे बारा. आता मुलांचा डाव लागलेला असतो आणि बघण्याला कारण मिळालेले असते. मग पहिला भाग लावावा, मूळ बाहेर पडताना थांबवावे, आणि थांबलेल्या चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ एवढेच विचारावे. पुढचा भाग झाला की टीव्ही बंद करून वहीतले स्वतःचे चित्र आणि पडद्यावरचे चित्र यांत काय वेगळे होते ते लिहायला लावावे. फडक्यातले काही दाणे कुजलेले असतात. पडद्यावरचा एकही दाणा कुजत नाही. का, हा प्रश्न त्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न असतो आणि तो कोणत्याही पटकथेत नसतो.

यात टीव्ही चालला बारा-तेरा मिनिटे. वीस मिनिटांचा कार्यक्रम सगळा दाखवलाच पाहिजे असा कुठला नियम आहे?

प्रसारण थेट बघायचे असेल तर थांबवता येत नाही, आणि शाळेचे वेळापत्रक प्रसारणाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. परिपाठ, खिचडी, आठवडी बाजाराची गैरहजेरी, केंद्रप्रमुखांची भेट, ही शाळेची घड्याळे वेगळी आहेत. ‘साइट’ पासून आजपर्यंत ही अडचण बदललेली नाही, फक्त उपाय आता स्वस्त झाला आहे. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम उतरवून घ्यावा. त्यासाठी वेगळा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवावा. तो बॉक्समध्येच फॉरमॅट करावा लागतो आणि तेव्हा त्यातले आधीचे सगळे पुसले जाते. काही बॉक्सनी उतरवलेली फाइल दुसऱ्या बॉक्सवर उघडत नाही. तेव्हा शेजारच्या शाळेला पेनड्राइव्ह देण्याआधी ते तपासावे. जिथे इंटरनेट बरे आहे तिथे पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचे साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवता येते. तासाच्या वेळी ‘बफरिंग’ चे चक्र बघत बसलेला वर्ग आवरणे हे कोणत्याही शिक्षकाच्या कौशल्यापलीकडचे काम आहे.

टीव्हीवर काय शिकवू नये, तेही स्पष्ट म्हटले पाहिजे. हातच्याची वजाबाकी, वळणदार अक्षर, प्रकट वाचन. या गोष्टी करून येतात, बघून येत नाहीत, आणि त्यात प्रत्येक मुलाची चूक वेगळी असते. पडद्यावरचे गुरुजी सगळ्यांची एकच चूक दुरुस्त करतात. याउलट विदर्भातल्या मुलांना भरती-ओहोटी, कोकणातल्या मुलांना काळ्या जमिनीच्या भेगा, किल्ल्याची माची आणि बालेकिल्ला वरून कसा दिसतो, हृदयाची झडप कशी उघड-झाप करते, हे फळ्यावर कितीही रंगीत खडू वापरले तरी कळत नाही. द्विशिक्षकी शाळेत मात्र टीव्हीला आणखी एक काम मिळते: एका इयत्तेला कार्यक्रम, तोवर उरलेल्या इयत्तेला गुरुजी. हे तत्त्वतः छान आहे. दोन्ही इयत्ता एकाच खोलीत असतील तर मात्र टीव्हीचा आवाज जिंकतो आणि गुरुजी हरतात. ज्यांना कार्यक्रम नाही त्यांना ओसरीवर किंवा झाडाखाली बसवून लेखनाचे काम द्यावे. उलटे करून मुलांना टीव्हीपुढे एकटे सोडले तर तो पाठ होत नाही, पाळणाघर होते.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. घरी अहिराणी, गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासाठी पडद्यावरची पुस्तकी मराठी दोनदा परकी असते: एकदा शब्दांमुळे आणि एकदा वेगामुळे. आमच्या मते निवेदन मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या पुढे गेले की तिसरी-चौथीची मुले शब्द सोडून देतात आणि चित्र तेवढे बघतात. शिक्षकांनी कार्यक्रमातले पाच-सहा अवघड शब्द आदल्या दिवशी निवडावेत आणि मुलांच्या घरच्या भाषेतला शब्द त्यांच्याकडूनच विचारून शेजारी लिहावा. निवेदनाचा आवाज बंद करून शिक्षकांनी स्वतः चित्रावर बोलणे हाही उत्तम मार्ग आहे. निर्मात्यांना तो अपमान वाटू नये.

वीज. ४३ इंची संच सत्तर वॅटच्या आसपास, बॉक्स दहा, स्पीकर वीस. मिळून शंभर वॅट धरा. दिवसाला एक तास, महिन्याला वीस दिवस, म्हणजे दोन युनिट. टीव्हीमुळे बिल वाढते हा समज खोटा आहे. बिलात बोजा असतो तो स्थिर आकाराचा आणि साचलेल्या थकबाकीचा. पण बिल थकून जोडणी तुटली की पहिला बंद पडतो तो टीव्हीच. भारनियमनासाठी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर पुरतो. बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही, हा नियम पाळूनही चार-साडेचार तास निघतात. बॅटरी मरते ती वापराने नाही, मे महिन्याच्या सुट्टीने. अर्धवट रिकामी बॅटरी दीड महिना तशीच पडली तर तिच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि जूनमध्ये ती भार घेत नाही. शेवटच्या दिवशी ती पूर्ण भरावी, पाणी पाहावे आणि तारा सोडून ठेवाव्यात.

दुरुस्तीला पैसा कुठून? समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये आहे. त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. एलएनबी काही शेकड्यांत येतो, रिमोट त्याहून कमी. संच बंद पडण्याची कारणे बहुधा याच किमतीची असतात, पण तालुक्याहून माणूस बोलावून आणायचा खर्च त्याहून जास्त. म्हणून केंद्रपातळीवर एक पेटी ठेवावी, असे आम्ही सुचवतो: दोन एलएनबी, एक जादा बॉक्स आणि त्याचा अडॅप्टर, दोन रिमोट, तीस मीटर आरजी-६ केबल, वीस दाबून बसवायचे एफ-कनेक्टर आणि ते दाबण्याची पक्कड, एक एचडीएमआय केबल, ओळंबा. दहा-बारा शाळांना एवढे पुरते. पेटी चालवायला केंद्रातल्या दोन शिक्षकांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, छपरावर नेऊन, प्रोजेक्टरवर नव्हे.

शिक्षण विभागाकडे आमचे मागणे वाहिन्यांचे नाहीच. वर्षाचे प्रसारण-वेळापत्रक शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच मिळावे. ते ‘चौथी, विज्ञान, सकाळी ११’ अशा थाटाचे नको. प्रत्येक कार्यक्रमापुढे पाठ्यपुस्तकातला पाठ आणि पान, कार्यक्रमाची खरी लांबी, थांबवण्याजोग्या दोन जागांचे मिनिट, आधी जमवायचे साहित्य आणि पाच अवघड शब्द. एवढे एका ओळीत मावते. याशिवाय तोच कार्यक्रम आठवड्यात किमान तीनदा, वेगवेगळ्या वेळी दाखवावा. संच पुरवण्याच्या निविदेत संचाबरोबर स्पीकर, भिंतीचा पुढे झुकणारा कंस आणि पहिल्या पावसाळ्यानंतर डिश पुन्हा जुळवून देण्याची अट घालावी. आजवरच्या निविदांत इंच मोजले जातात, वर्गाची लांबी मोजली जात नाही.

सध्याच्या दिवसांपुरती एक सूचना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि पुन्हा मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र फुटते किंवा जाते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. पाच-सहा दिवसांत ते आपोआप थांबते. तोवर डिशला कोणीही हात लावू नये. दरवर्षी याच दिवसांत कित्येक चांगल्या जुळवलेल्या डिश हलवून बिघडवल्या जातात.

डिश जुळवायला, केबल बदलायला आणि संच योग्य भिंतीवर न्यायला दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. पाऊस सरलेला असतो, पालवी पुरती वाढलेली असते, म्हणून आड येणारे झाड आत्ताच कळते, आणि भिंतीला भोके पाडायला वर्ग रिकामा मिळतो. फक्त गच्चीच्या जिन्याची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते, ते आधी विचारून ठेवावे.

आपले,
शैक्षणिक प्रसारण आणि शिक्षक-प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक, पुणे